क्राकूवमधला हुंदका

पोलंडमध्ये सहा दिवस होतो. व्येलिच्काची मिठाची खाण, वावेलचा किल्ला, सगळं बघून झालं. लिहायचंय ते मात्र काझिमिएझमधल्या दोन संध्याकाळींबद्दलच.

काझिमिएझ ही क्राकूवची जुनी ज्यू वस्ती. युद्धाआधी या शहरात चार माणसांमागे जवळपास एक ज्यू होता. १९४१ मध्ये नाझींनी शहरात उरलेल्यांना नदीपलीकडे पोदगुझेच्या घेट्टोत, म्हणजे कोंडवस्तीत, कोंबलं आणि तिथून छावण्यांत. आज शेरोका चौकात रेमू सिनागॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे, आणि आजूबाजूला जेवणासोबत क्लेझ्मर, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंचं संगीत, वाजवणारी उपाहारगृहं.

पहिल्या संध्याकाळी तसल्याच एका ठिकाणी बसलो आणि मला संताप आला. क्लॅरिनेट, अकॉर्डियन, डबल बास. वाजवणारे तयारीचे होते. पण लोक सूपावरून मान वर करत नव्हते आणि वेटर वादकांच्या मधूनच ताटं नेत होते. हे लग्नात वाजवायचं संगीत; नवरीला रडवायचं आणि मग अख्ख्या मांडवाला नाचवायचं. ते असं तोंडी लावायला वाढलेलं मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी ताईने हट्टाने एका तळघरातल्या क्लेझ्मर-जॅझच्या बैठकीला नेलं. विटांची कमान, चाळीसेक खुर्च्या. जॅझ मिसळल्यावर उरलंसुरलंही जाईल, अशी माझी खात्री होती.

क्लॅरिनेटवाल्याने दोईना धरली. दोईना म्हणजे तालाविना चालणारा, आपल्या आलापासारखा भाग. चौथ्या-पाचव्या सुरावटीला ताईने माझं मनगट दाबलं. "ऐकतेयस ना? कोमल रिषभ, शुद्ध गंधार, खाली धैवत-निषाद कोमल. हा वसंत मुखारी!" खरंच तेच स्वर. यिद्दिशमध्ये, म्हणजे या ज्यूंच्या भाषेत, या स्वरमेळाला फ्रायगिश म्हणतात. चलन मात्र वेगळं, कारण यात क्रेख्ट्स असतो. सूर संपता संपता किंचित वर उचलला जाऊन तुटतो, रडणाऱ्याचा श्वास अडकावा तसा. मी पहिल्याच रांगेत होते. प्रत्येक क्रेख्ट्सला त्याचा गळा आत ओढला जाताना दिसत होता.

आणि ड्रमवाला? त्याने ब्रश झांजेवर नुसते टेकवून ठेवले. पियानोवाल्याने एक सूर लावला आणि तो विरेपर्यंत वाट पाहिली. आदल्या रात्री ज्या हुंदक्यावर काट्या-चमच्यांचा आवाज पडत होता, त्याला या जॅझवाल्यांनी जागा करून दिली. मग बासने बुल्गर या नाचाचा तीन-तीन-दोनचा ठेका धरला, ड्रम स्विंगमध्ये शिरले, क्लॅरिनेट मोकाट सुटलं; पण दर आवर्तनाच्या शेवटी तो तुटका सूर होताच.

क्राकूवला यिद्दिशमध्ये 'क्रोके' म्हणतात. याच नावाचं त्रिकूट १९९२ मध्ये इथे उभं राहिलं आणि क्लेझ्मरमध्ये जॅझ मिसळत जगभर वाजवत फिरलं, हे मला तिथेच एकाने सांगितलं.

बाहेर पडलो तेव्हा पाऊस होता. छत्री नव्हती. ताई शेरोकापर्यंत तोच गंधार गुणगुणत होती आणि क्रेख्ट्स काही केल्या तिच्या गळ्यातून निघत नव्हता.