हार्ट अटॅक, कार्डिॲक अरेस्ट आणि हार्ट फेल्युअर

'हार्ट फेल होऊन गेले' हे वाक्य आपल्याकडे अचानक आलेल्या कोणत्याही मृत्यूसाठी इतक्या सहज वापरले जाते, की घरी सोडलेल्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर 'हार्ट फेल्युअर' हे शब्द दिसताच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. माझ्या मावशीच्या कार्डावर त्याखालीच 'एलव्हीईएफ ३५ टक्के' असे लिहिले होते आणि हृदय पस्तीस टक्केच उरले, अशी धास्ती तिच्या मुलाने घेतली. हृदयाच्या तीन वेगवेगळ्या अवस्थांची आपण बोलताना सर्रास सरमिसळ करतो; प्रत्येक वेळी करायची धावपळ मात्र निराळी असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हार्ट अटॅक हा रक्तपुरवठ्याचा आजार आहे. हृदयाच्या कप्प्यांतून सतत रक्त वाहत असले, तरी त्याच्या स्नायूंचे पोषण प्रामुख्याने महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या, सुरुवातीलाच फुटून हृदयाच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या करोनरी धमन्यांतून होते. यांपैकी एखाद्या धमनीत साठलेला चरबीचा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, की पुढचा स्नायू मरू लागतो. अशा वेळी रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. छातीवर दाब येतो, दरदरून घाम फुटतो, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जाते. मधुमेहींमध्ये आणि स्त्रियांमध्ये कधी नुसती धाप लागते किंवा मळमळते, आणि तिथेच 'पित्त झाले असेल' म्हणून सोडा घेऊन रात्र काढली जाते. हा उशीर मला सर्वांत घातक वाटतो, कारण गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन किंवा अँजिओप्लास्टी यांचा उपयोग जितक्या लवकर तितका अधिक. महाराष्ट्रात १०८ वर फोन करावा आणि ईसीजी ताबडतोब काढून घ्यावा.

कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचे पंपिंगच थांबते. अनेकदा त्यामागे विजेच्या संदेशांतील गोंधळ असतो, आणि तो हार्ट अटॅकमुळेही उद्भवू शकतो. माणूस काही क्षणांत कोसळतो, हाक मारली तरी प्रतिसाद देत नाही आणि त्याचा श्वास थांबतो किंवा आचके दिल्यासारखा चालतो. काही मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागत असल्याने रुग्णवाहिकेची वाट पाहत उभे राहणे परवडत नाही. एकाने १०८ ला फोन लावावा आणि दुसऱ्याने छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. पाणी पाजणे किंवा कांदा हुंगवणे यात वेळ घालवू नये.

हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराला हवे तेवढे रक्त ढकलण्यास ते कमी पडते, आणि जुना अटॅक, वर्षानुवर्षांचा रक्तदाब, झडपांचे विकार अशी त्याची कारणे असतात. टू-डी एको या हृदयाच्या सोनोग्राफीत दिसणारा ईएफ (मावशीच्या कार्डावरचा 'एलव्हीईएफ' तोच) म्हणजे डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणारा भाग. धडधाकट माणसाचाही तो साधारण ५५ ते ७० टक्के असतो, शंभर कोणाचाच नसतो. म्हणजे मावशीचे ३५ या सत्तरीच्या आतल्या मोजपट्टीवर वाचायचे होते. आकडा काळजीचा होता हे खरेच, परंतु औषधांनी तो अनेकांमध्ये सुधारतो. उलट काहींचा ईएफ चांगला असूनही स्नायू ताठरल्यामुळे हार्ट फेल्युअर होते, तेव्हा केवळ आकडा पाहून निर्धास्त होणेही योग्य नाही.

घरी लक्ष ठेवायचे ते पावलांवरच्या सुजेवर, आडवे झाल्यावर लागणाऱ्या धापेवर आणि वजनावर. रोज सकाळी लघवीनंतर, न्याहारीपूर्वी वजन करून ते वहीत लिहावे, आणि दोन-तीन दिवसांत ते २ किलोने वाढले तर शरीरात पाणी साठत असल्याची शक्यता धरून, पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.