मेंढरांच्या राखणीला लामा?

भाच्यानं व्हॉट्सअॅपवर एक व्हिडिओ पाठवला. अमेरिकेतलं कुठलंतरी कुरण, त्यात मेंढरं चरायलीत आणि मधोमध उंच मानेचा एक लामा पहाऱ्याला उभा. खाली त्याचा प्रश्न: "मामा, आपल्या कळपात असला एक ठेवला तर? लांडग्याचा घोर तरी मिटंल."

दाजींचा कळप दख्खनी मेंढरांचा. पावसाळ्यात अथणीच्या कोरड्या माळावर, एरवी चिकोडी-रायबागच्या रानात. माझं निपाणीत जनावरांच्या औषधांचं दुकान. त्यामुळं घरात मेंढरांविषयी काही निघालं की प्रश्न माझ्याकडंच येतो.

व्हिडिओ खोटा नाही. तिकडं लामा खरोखरच राखणीला ठेवतात. खच्ची केलेला नर, आणि तोही एकटाच. दोन ठेवले की ते एकमेकांतच रमतात, मेंढरांकडं ढुंकूनही बघत नाहीत. एकटा असला की मेंढरांनाच आपला कळप मानतो. कोल्हा-कुत्रं दिसलं की ओरडतो, अंगावर धावून जातो, लाथा घालतो. पण त्याची ही मर्दुमकी एकट्यादुकट्या जनावरापुढची. टोळीनं आलेल्या लांडग्यांपुढं तोच शिकार व्हायचा. आपले लांडगे रात्रीचे जोडीनं येतात, एक कुत्र्यांना नादी लावतो आणि दुसरा कोकरू उचलतो. त्याला वाघर म्हणजे कळपाभोवती लावायची जाळी, बॅटरी आणि खिळ्यांचा पट्टा घातलेली दोन चांगली कुत्रीच पाहिजेत.

शिवाय लामा काय, त्याचा धाकटा भाऊ अल्पाका काय, दोघं पेरू-बोलिव्हियातल्या अँडीज डोंगरातले. अल्पाकाचं घर म्हणजे साडेतीन-चार हजार मीटर उंचीवरची थंडी. एप्रिलात 40 अंशांवर तापलेल्या आपल्या रानात त्याला उभं केलं तर लोकर कातरूनसुद्धा धापा टाकंल. परदेशातून जिवंत जनावर आणायचं म्हटलं तर 1898 चा कायदा आहे, परवाना आहे, विलगीकरण आहे. आणि दाजींना हे सांगितलंच पाहिजे: ही जनावरं सगळी मिळून एकाच ठिकाणी लेंड्या टाकतात. राहत्या जागेत त्यांचा कोपरा ठरलेला. तिकडच्या लोकांना ते सोयीचं, कारण बाकीचं कुरण स्वच्छ राहतं. पण आपल्याकडं शेतकरी रानात कळप बसवून घेतो तो खतासाठीच. सगळं खत एका कोपऱ्यात पडलं तर कोण ओ धान्य देणार? वर अल्पाकाची मादी साडेअकरा महिने गाभण राहून एकच पिल्लू देते. आपली मेंढी पाच महिन्यांत मोकळी.

ह्या निमित्तानं लामा-अल्पाकाच्या आजारांवर बरंच वाचलं. तिकडच्या पाळणाऱ्यांची एक मोठी डोकेदुखी आपल्याच ओळखीची निघाली, रक्त पिणारा जंत. हिमॉन्कस. आपल्या मेंढ्या-शेळ्यांच्या पोटात असतो तोच त्यांच्याही पोटात. दोन-तीन सेंटिमीटर लांब, लाल-पांढऱ्या पिळाचा. एकेक मादी दिवसाला हजारोंनी अंडी टाकते, आणि पाऊस लागून उबारा राहिला की अळ्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. ह्या जंतानं सहसा हगवण लागत नाही, म्हणून जंत झालेत असं कुणाला वाटतच नाही. जनावर मागं राहतं, जबड्याखाली पाणी उतरतं, मग एक दिवस बसतं ते उठतच नाही.

अल्पाका तर दुखणं लपवण्यात मेंढीच्याही वर. लोकर एवढी दाट की आत नुसता सापळा उरला तरी बाहेरून जनावर गुबगुबीत दिसतं. म्हणून तिकडं नियमच आहे, नजरेवर भरवसा नको, पाठीवर हात ठेवायचा. शेवटच्या बरगडीच्या मागं, कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं दाबायची. मांस भरलेलं लागतंय की हाडाची धार, ते तिथं कळतं. दाजी कातरणीच्या आधी हेच करतात, त्यांना कुणी शिकवलं नाही.

दुसरी तपासणी डोळ्याची. जंतानं रक्त ओढलं की पापणीच्या आतलं अस्तर फिकं पडतं. दक्षिण आफ्रिकेत त्यासाठी रंगांचं एक कार्ड निघालं, लालपासून पांढऱ्यापर्यंत पाच पट्ट्या. ते मेंढ्यांसाठी केलेलं, आता अल्पाकालाही वापरतात. गेल्या महिन्यात दाजींच्या कळपात आम्ही ते करून बघितलं. भाच्यानं मेंढी दोन पायांत धरली. मी अंगठ्यानं वरची पापणी मिटवून डोळा हलका आत दाबला, दुसऱ्या अंगठ्यानं खालची पापणी ओढली. आतलं अस्तर क्षणभर वर येतं, तेवढ्यात रंग बघायचा, तोही उन्हात, झाडाखाली नाही. बहुतेक मेंढ्या लालसर निघाल्या. एक काळी, अंगानं चांगली भरलेली दिसणारी मेंढी धरली तर अस्तर कागदासारखं पांढरंफटक. दाजी म्हणाले, "ही तर सगळ्यात पुढं चरती की ओ!" पाठीवर हात फिरवला तर कणा बोटांना टोचायला लागला.

जंताचं औषध तिला आणि तिच्यासारख्या फिकट मेंढ्यांनाच पाजलं. सगळ्या कळपाला सरसकट पाजत राहिलं की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागं उरतात, आणि पुढं त्यांचीच पैदास वाढते. वजनाचा अंदाज कमी धरून अर्धामुर्धा डोस दिला तरी तीच गत. तिकडं लामा-अल्पाकावर काही औषधं आता चालेनाशी झालीत ती ह्याच चालीमुळं. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचं औषध पाजायचं नाही, हे तर मी बाटली देताना प्रत्येकाला सांगतो.

भाच्याला सांगितलं, लामाचं सोड, आधी वजनकाटा घे. तेवढ्या पैशात येतोय. सध्या दुकानात "अख्ख्या कळपाला पुरंल एवढं द्या" म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, फिकट किती आहेत? काही जण मोजून परत येतात. काही जण शेजारच्या दुकानात जातात.