डिरेक्टरीवरचा एक्स

आज अंबडच्या ऑफिसात नव्या पोरांना लिनक्सच्या परमिशन्स (कोणी फाइल वाचायची, बदलायची, चालवायची याचे नियम) शिकवल्या. रीड ४, राइट २, एक्झिक्यूट (म्हणजेच एक्स) १. बेरीज जमली की ६४४, ७५५ (एकेक आकडा मालक, गट आणि बाकीच्यांसाठी) आपोआप उलगडतं. इथवर सगळे खूश.

गाडी अडली डिरेक्टरीपाशी, म्हणजे फोल्डरपाशी. एकीने रूटच्या (मुख्य अ‍ॅडमिनच्या) मालकीची, ४४४ वाली (फक्त वाचता येणारी) फाइल स्वतःच्या फोल्डरमधून आरएम केली, म्हणजे उडवली. टर्मिनलने एकदा विचारलं, तिने वाय दाबलं, फाइल गायब! "सर, असं कसं?" अगं, फाइल उडवणं म्हणजे डिरेक्टरीतली नोंद खोडणं. डिरेक्टरीवर राइट आणि एक्झिक्यूट असलं की झालं, फाइलची परमिशन कोण विचारतंय! (म्हणूनच टेम्प या सगळ्यांच्या सामायिक डिरेक्टरीला दुसऱ्याची फाइल उडवू न देणारा स्टिकी बिट असतो, नाहीतर कुणीही कुणाचंही उडवलं असतं.)

मग डिरेक्टरीवर नुसता रीड ठेवायला लावला. एलएसने (यादीची कमांड) नावं दिसली, सीडी (आत शिरणं) मात्र होईना. नुसता एक्स ठेवला तर उलटं: यादी बंद, पण नाव ठाऊक असलेली फाइल कॅटने (मजकूर दाखवणारी कमांड) सरळ उघडली. तिथे पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते.

तरी संध्याकाळी एकाने अडल्याबरोबर ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) मारलंच! उद्या यूमास्क (नव्या फाइलींना मुळात कोणत्या परमिशन्स द्यायच्या नाहीत ते ठरवणारा) घेणार, आणि कटिंग त्याच्याकडून.