दोन घोडे, एक चारशेसात आणि सहा हेलपाटे

घोडे न्यायला गाडी घेणं सोपं होतं, तिचा आरटीओचा परवाना काढणं नाही; सोपं ते आधी उरकून टाकतो. माझ्याकडं दोन जनावरं आहेत, मारवाडी घोडी राणी आणि गावरान घोडा बादल. लग्नसराईत वराती, मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा. सात-आठ वर्षं भाड्याच्या पिकअपमधून नेत होतो. मागल्या उन्हाळ्यात एका वळणावर ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि गुळगुळीत पत्र्यावरून पाय सटकून बादल दोन्ही गुडघ्यांवर आदळला. कातडी सोलून निघाली, तीन वराती बुडाल्या. त्याच आठवड्यात जुनी चारशेसात, म्हणजे टाटा 407 छोटा ट्रक, बघून आलो. हौदा (माल भरायचा मागचा भाग) दहा फूट लांब, आतून सहा फूट रुंद.

चौदा फुटी आयशर जवळपास त्याच भावात मिळत होती. पण आमच्या पांदीत ती वळत नाही आणि दोनच घोड्यांना एवढा मोकळा हौदा दिला की ते हेलकावे खातात. एकेकाचं वजन साडेतीनशे-चारशे किलो. चारशेसातला तेवढं काहीच नाही, पण हे ओझं पोत्यासारखं गप पडून राहत नाही. शिवाय साडेसात टनांच्या आतली गाडी एलएमव्हीच्या, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर चालवता येते. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर 2024 मध्ये त्यावर शिक्का मारलाय. म्हणजे धाकटा भाऊही चालवू शकतो.

आता आरटीओ. कुठलं ते लिहीत नाही, मला अजून तिथंच पासिंग करायचंय.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 125-ई नावाचा नियम आहे, 1 जानेवारी 2016 पासून लागू. जनावरं न्यायच्या गाडीत प्रत्येकाला वेगळा, कायमचा कप्पा पाहिजे. गाय-म्हशीला 2 चौरस मीटर, घोड्याला 2.25. त्या गाडीत दुसरा माल भरायचा नाही. आणि अशी बदललेली गाडी असेल तर आरटीओचा खास परवाना घ्यायचा. मी भाबडेपणानं समजलो की नियम आहे म्हणजे खिडकीवर कुणाला तरी ठाऊक असंल.

"गुरांची गाडी आहे का?" खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं.

"गुरांची नाही साहेब, घोड्यांची."

"घोडा येईना इथं," ते कम्प्युटरकडं बघत म्हणाले. "पशुसंवर्धनचं पत्र आणा."

जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर हसले. "मी घोडा तपासतो, गाडी कशी तपासू?" पुन्हा आरटीओ, तर साहेब मीटिंगला. चौथ्या खेपेला गेटवरच्या चहाच्या टपरीवर एकानं हळूच गाठलं. "कामून फिरायलाव रोज? मालवाहूच राहू द्या की. कोण बघायलंय?" खोटं कशाला सांगू, दोन मिनिटं मलाही पटलं. घरून निघताना आई म्हणालीच होती, घोड्यावर बसून गेला असतास तर लवकर काम झालं असतं.

त्या दिवशी झेरॉक्सच्या दुकानात जाऊन नियमाची प्रत काढली, 125-ई भोवती लाल पेनानं चौकट केली, साधा अर्ज लिहिला आणि खिडकीऐवजी आवक-जावकला दिला. पोच घेतली. हे मी पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होतं. तोंडी विचारणाऱ्याला कुणीही परत पाठवतं, आवक नंबर पडलेला कागद मात्र कुणाच्या तरी टेबलावर बसून राहतो. आठ दिवसांनी फोन आला, गाडी घेऊन या.

इन्स्पेक्टर तरुण होते. हौद्यात चढून त्यांनी स्वतः टेप लावला. दोन कप्प्यांच्या मधल्या आडव्या पायपांना मी हौसेनं रबर आणि फोम गुंडाळला होता, ती जाडी दहा सेंटिमीटर. ती वजा जाता एका कप्प्याची रुंदी साडेशहाऐंशी सेंटिमीटर. लांबी मी आठ फूट ठेवली होती, पुढं दोन फुटांत कडबा, पाण्याचे कॅन आणि माणूस बसायची जागा. त्यांनी मोबाइलवर गुणाकार करून स्क्रीन माझ्यापुढं धरली. 2.11.

सहा हेलपाट्यांपैकी या एकाचाच राग येत नाही, कारण चूक माझी होती. मिस्त्रीनं बाहेरून मापं घेतली होती आणि मी ती जशीच्या तशी कागदावर उतरवली होती. पुढची आडभिंत कापून फूटभर पुढं सरकवली, लांबी नऊ फूट झाली, क्षेत्र 2.37. माणसाची जागा गेली, कडबा राहिला. सहाव्या खेपेला परवाना हातात पडला. तेव्हा खिडकीवरचे तेच साहेब म्हणाले, "घोड्यांचं पहिलंच प्रकरण हो आमच्याकडं." जसं काही मीच उशीर केला.

काही गोष्टी नंतर आठवल्या, आठवतील तशा लिहितो. यात्रेला जायचं असेल तर ग्लँडर्स या घोड्यांच्या रोगाची रक्ततपासणी आधीच करून घ्या. रोग माणसालाही होतो, त्यामुळं डॉक्टर त्यात सूट देत नाहीत. माझा रिपोर्ट अकरा दिवसांनी आला. प्रवासाला जनावर धड आहे असा डॉक्टरचा दाखलाही सोबत लागतो.

जनावरांच्या वाहतुकीचे 1978 चे नियमही वाचा. घोडे असताना गाडी ताशी 35 किलोमीटरच्या वर न्यायची नाही. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना वाजवू द्या. साध्या मालगाडीत दोन घोड्यांच्या मधे किमान 8 सेंटिमीटर जाडीचा बांबू सांगितलाय, आणि तोंडं डावीकडं, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्यांना ती बुजत नाहीत. सहा फुटी हौद्यात घोडा आडवा मावतच नाही, म्हणून मी कड्या डाव्या अंगाला लावल्या. माना तरी तिकडं राहतात.

दोर आखूड बांधू नका. मान छातीच्या खाली नेता आली पाहिजे. तासन्‌तास मान वर ताणलेली राहिली तर नाकातली घाण फुप्फुसात उतरते आणि ताप भरतो. निघण्याआधी चंदी (दाणा) अजिबात नको, नुसता कडबा द्या. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गच्च झालं की थेट पोटशूळ. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. खाली रबराची मॅट आणि वर चार बोटं ओली वाळू टाकतो. सोयाबीनची गुळी (भुसा) टाकून बघितली होती, राणीनं वाटेतच खायला सुरुवात केली.

फाळक्यावरून चढवताना बादल आधी. तो चढला की राणी आपसूक मागं येते. उलटं केलं त्या दिवशी पाऊण तास अंगणातच गेला.

पुढलं पासिंग जूनमध्ये आहे. फोम आदल्या रात्रीच काढून ठेवणार आहे.