अंडं 50 चं, मेयोनीज 190 चं

आज कोथरूडात दिवसभर रिपरिप, म्हणून भाचीबरोबर स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा व्हिडिओ गेम खेळत बसले. सुरुवातीला हातात फक्त 500 गोल्ड, म्हणजे गेममधले पैसे. 20 चं पार्सनिपचं बी लावायचं, चार दिवसांनी 35 ला विकायचं. वसंतातल्या 13 तारखेच्या एग फेस्टिव्हलला स्ट्रॉबेरीचं बी मिळतं, 100 ला. त्याच रात्री लावलं तर ऋतू संपायच्या आत दोन तोडे, 120 प्रमाणे! आणि 50 चं अंडं मेयोनीज करून विकलं की थेट 190.

"मावशी, मग आजोबा टोमॅटो तसेच का विकायचे?"

नारायणगावच्या बाजारात क्रेट उतरवणारे बाबांचे हात आठवले. तिला हमाली, गाडीभाडं सगळं सांगितलं. गेममध्ये भाव ठरलेला असतो, बाबांना तो बाजारात पोचल्यावर कळायचा. ती गप्पच झाली. मग तिनंच आजोबांना फोन लावला.