न बोलावता आलेला

बाथरूमच्या पाइपाला बाहेरून जिथे जोड आहे, तिथे गेल्या पावसाळ्यात एक नेचा उगवला. प्लंबर म्हणाला, "काकू, उपटून टाकतो, भिंत खराब होईल." मी म्हटलं, "आधी गळती बंद कर, मग बघू." गळती काही बंद झाली नाही, म्हणून नेचाही राहिला.

सकाळचा चहा हल्ली मी त्या खिडकीशी घेते. नवं पान आधी गोगलगायीसारखं गुंडाळलेलं असतं, अंगावर बारीक तपकिरी लव. चार दिवसांत सुटतं. पान उलटवलं की कडेकडेने बीजाणूंची काळपट रेघ दिसते. फूल नाही, बी नाही, तरी आंब्याच्या फांदीवर बसणाऱ्या याच्या भाऊबंदाला आपण नाव दिलंय बाशिंग! लहानपणी घाटात चंदेरी नेच्याचं पान हातावर दाबून थापटी मारायचो. पान उचललं की मनगटावर पांढरी नक्षी. मेंदीसारखं ताटकळत बसायला नको.

लंडनच्या डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांच्याकडेही नेचा असाच न बोलावता आला. अंगणात हौसेने लावलेले नेचे शहराच्या धुरात मरत होते. धूर दगडी कोळशाचा, आणि तो कोळसा तरी कशाचा? तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या नेच्यांचा आणि त्यांच्या गणगोताचा. म्हणजे खापरपणजोबांनीच पतवंडांचा गळा धरलेला! 1829च्या सुमारास डॉक्टरांनी पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटली बंद केली. पतंग बाहेर पडण्याआधीच आत नेचा आणि गवताचं पातं उगवलं. धूर आत येत नव्हता, ओल बाहेर जात नव्हती. त्यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि 1833मध्ये रोपं भरून दोन पेट्या जहाजाने सिडनीला धाडल्या. रोपं जिवंत पोचली. पुढे अशाच पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश वनस्पती-संग्राहकाने चीनमधून गुपचूप चहाची हजारो रोपं आणली, हिमालयाच्या उतारांवर लावायला. कामगिरी तशी चोरीचीच, पण हातात कप धरून त्याला नावं ठेवायची म्हणजे जरा अवघडच.

परवा प्लंबर पुन्हा येऊन गेला. पाइप अजून ठिबकतोय आणि खालच्या मजल्यावरच्या जोडावर दुसरा नेचा दिसायला लागलाय. खालच्या वहिनींना अजून पत्ता नाही.