आमची वाटचाल : झेंडूच्या फुलापासून खाद्याच्या पोत्यापर्यंत

अंड्याच्या बलकाला रंग यावा म्हणून कोंबड्यांच्या खाद्यात घालायची भुकटी आम्ही बनवतो. सुरुवात वाळवलेल्या झेंडूच्या भुकटीपासून झाली. कोंबडी स्वतः ल्युटिन, म्हणजे झेंडूतलं पिवळं रंगद्रव्य, तयार करू शकत नाही, बलकाचा पिवळा रंग खाद्यातूनच येतो. मक्याऐवजी कणी, गहू किंवा ज्वारी आली की बलक फिका पडतो. भुकटीने ही उणीव भरून निघायची, पण प्रत्येक बॅचचा रंग वेगळा यायचा. उन्हात वाळवलेल्या फुलातलं रंगद्रव्य उडतं, आणि जे उरतं ते स्निग्धाम्लांना जोडलेलं असल्यामुळे आतड्यात कमी शोषलं जातं.

म्हणून पद्धत बदलली. ताजी फुलं हवाबंद दाबून आंबवायची, पाणी पिळायचं, ड्रायरमध्ये ओलावा 10 टक्क्यांच्या आसपास आणायचा, मग हेक्सेन या द्रावकाने अर्क काढायचा. हेक्सेन पूर्ण उडवल्यावर अर्काला पोटॅशियम हायड्रॉक्साइडची प्रक्रिया दिली की ल्युटिन मोकळं होतं. ते सिलिकाच्या भुकटीवर बसवून त्यात टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) मिसळतो आणि प्रकाश न शिरणाऱ्या पिशवीत भरतो.

आमच्या 2 टक्क्यांच्या भुकटीत किलोमागे 20 ग्रॅम रंगद्रव्य असतं. टनाला 500 ग्रॅम घातली की खाद्यात 10 पीपीएम (टनामागे 10 ग्रॅम) रंगद्रव्य मिळतं. ती थेट मिक्सरमध्ये टाकू नका. आधी 5 किलो बारीक मक्यात, मग 50 किलोत, आणि शेवटी पूर्ण टनात मिसळा. केशरी छटा हवी असेल तर लाल मिरचीचं कॅप्सॅन्थिन हे लाल रंगद्रव्य लागतं, पण आधी पिवळ्याचा पाया भक्कम हवा.

‘रंग येत नाही’ अशी तक्रार आली की आम्ही मात्रा वाढवायला सांगत नाही. खाद्यातलं तेल खवट झालंय का, रंगाची भुकटी कॉपर सल्फेट आणि कोलीन क्लोराइडसोबत एकाच प्रीमिक्समध्ये (खाद्यात घालायच्या पूरक घटकांच्या तयार मिश्रणात) पडून होती का, हे विचारतो. दोन्ही ठीक असेल तर विष्ठा तपासायला पाठवा. कॉक्सिडिओसिस या परजीवीच्या आजाराने आतडं सोललं किंवा अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाने यकृत थकलं की रंग बलकापर्यंत पोहोचतच नाही. कळप आजारी दिसण्याआधी बलक सांगतो, म्हणून लेयरवाल्यांनी (अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांनी) रंगपंखा, म्हणजे बलकाचा रंग जुळवून पाहायच्या पट्ट्या, हाताशी ठेवून दर आठवड्याला अंडी फोडून पाहावीत. खाद्य बदलल्यावर मात्र 10 दिवस थांबा, बलक भरायला तेवढा वेळ लागतो.

ब्रीडर कळपासाठी (पिल्लं मिळवण्यासाठी पाळलेल्या कोंबड्यांसाठी) हे रंगद्रव्य आम्हाला सर्वांत मोलाचं वाटतं. कोंबडीकडून ते बलकात आणि तिथून वाढत्या गर्भात जातं, आणि ऑक्सिडीकरणापासून पेशींना संरक्षण देतं. तरी ल्युटिनपासून अ जीवनसत्त्व बनत नाही, ते वेगळं द्यावंच लागतं. हळदीतलं कर्क्युमिनही आम्ही देतो. ते रक्तात फार कमी जातं, त्यामुळे त्याचा उपयोग मुख्यतः आतड्यापुरता धरावा. यातलं काहीच औषध नाही. कॉक्सिडिओसिस असेल तर आधी पशुवैद्यांना बोलवा, लिटर (शेडमधला भुशाचा थर) कोरडं करा, रंगाचं नंतर पाहू.